रपट्यावरच्या डब्यातला वॉचडॉग

मी वॉचडॉग बोलतोय. नाव कुत्र्याचं असलं तरी मला शेपूट नाही, आणि असती तरी या लोकांपुढे ती हलवली नसती. चामोर्शीकडे एका नाल्यावर रपटा आहे, म्हणजे पूर आला की पाण्याखाली जाणारा बुटका पूल. त्याच्या कडेला खांब, खांबावर पत्र्याचा डबा, डब्यात छोटा संगणक, आणि त्या संगणकात नखाएवढा मी.

काम माझं एकच. मी साठ सेकंद मोजतो. तेवढ्यात संगणकाने मला एकदा सलाम ठोकला, की स्वारी शुद्धीवर आहे असं समजून मी पुन्हा एकपासून मोजायला लागतो. सलाम आला नाही, तर त्याला बंद करून नव्याने चालू करतो. दयामाया नाही. संगणकाने नाल्याचं पाणी मोजायचं; पाणी रपट्यावर चढलं की लाल दिवा, नाहीतर हिरवा.

संगणकाचा गाभा म्हणजे कर्नेल. त्याला माझी भाषा कळत नाही, म्हणून मधे एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहिला चंद्रपूरच्या हेमराजने. माणूस हुशार, नाही कशाला म्हणू? पण माझ्याविषयी माहिती लिहायची वेळ आली तेव्हा या गृहस्थाने लिहिलं काय, तर "काम करते. हात लावू नये." झालं! फवारणीच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो.

मला सलाम ठोकायचा तो पाणी मोजणाऱ्या प्रोग्रामने, मोजणी झाली की; पण त्याला कधी कधी सत्तर सेकंद लागायचे. मग मी नियमाप्रमाणे संगणक बंद-चालू करायचो, आणि कचेरीतल्या साहेबांचे फोन हेमराजला जायचे. साठाचे नव्वद केले असते तर भागलं असतं. पण नाही! याने एक वेगळाच चिटुकला प्रोग्राम लिहिला. त्याने दर दहा सेकंदांनी मला सलाम ठोकायचा, मग पाणी मोजणारा जिवंत असो की मेलेला. शाळेत दांडी मारलेल्या दोस्ताची हजेरी लावतात ना, तीच खोड. मला काय कळणार सलाम कोणाचा! मी आपला घेत बसलो.

गेल्या आषाढात एका सकाळी पाणी मोजणारा प्रोग्राम अडकला. नाला फुगत चालला आणि दिवा हिरवाच. तेवढ्यात धानाच्या रोवणीला निघालेल्या नऊ बायांना घेऊन लच्छूची गाडी आली. हिरवा बघून पठ्ठ्याने गाडी रपट्यावर घातली. पुढे बसलेली शकुबाई ओरडली,

"थांबव गा लच्छू! पाणी दिसत नाई का तुले?"

"दिवा हिरवा हाये ना, शकुबाई!"

"दिवा का पाण्यात उतरून पाह्यते? थांबव म्हनलं ना!"

पुढची चाकं पाण्यात गेलीच होती. बाया भराभर उतरल्या आणि सगळ्यांनी मिळून गाडी मागे ओढली. थोड्याच वेळात रपट्याचा कठडा वाहून गेला. आणि त्या सगळ्या वेळात मी दर दहा सेकंदांनी सलाम घेत होतो. लाज वाटते, सरळ सांगतो.

पुढे या डब्यांचं माहितीपत्रक नीट लिहून काढायला रंजीताला पाठवलं. तीही हेमराजच्याच कचेरीत आहे. खांबाखाली लॅपटॉप घेऊन ती तीन दिवस बसली आणि हेमराजच्या ड्रायव्हरची आणि त्या चिटुकल्या प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचली. खोटा सलाम तिनेच पकडला. आमच्या डब्यातली चूक तिने तिथल्या तिथे सुधारली आणि माहितीपत्रकात लिहिलं: "वॉचडॉगला सलाम पाणी मोजणाऱ्या प्रोग्रामनेच करावा. दुसऱ्या कोणी केल्यास पहारा खोटा समजावा."

हेमराज बघायला आला, वाचलं आणि चेहरा पडला.

"हे काढून टाक वो, रंजीता. साहेब विचारन, आतापर्यंत काय करून राह्यले होते म्हणून."

"विचारू द्या ना, हेमराजभाऊ. बाकीच्या अकरा नाल्यांवरच्या डब्यांत तेच हाये."

"थे मी करतो सावकाश. कागदावर कायले?"

"कागदावर नसन, तर तुमची बदली झाल्यावर कोनाले कळन?"

हेमराज उठला आणि कचेरीत जायचं तिथे जाऊन आला. माहितीपत्रक मंजूर झालं. चाळीस पानं, रंगीत आकृत्या, माझा फोटोही आहे, अगदी पानभर. तेवढी दोन वाक्यं मात्र काढली. म्हणे भाषा कडक वाटते! नऊ बाया वाहून गेल्या असत्या तर श्रद्धांजली कशी मऊ भाषेत लिहिली असती या लोकांनी.

रंजीताने ती दोन वाक्यं आपल्या सहीनिशी पुन्हा पाठवली आहेत. उत्तर आलेलं नाही. हेमराजचं 'सावकाश' अजून चालूच आहे. अकरा नाल्यांवर माझे भाऊबंद मेल्याच्या नावाचा सलाम घेत बसलेत, आणि यंदाची रोवणी सुरू झाली आहे.

म्हणून साहेबांना नाही, तुम्हालाच सांगतो. रपट्यावर हिरवा दिवा दिसला तर गाडी थांबवा, खाली उतरा आणि आपल्या डोळ्यांनी पाणी बघा. आमच्यावर विश्वास ठेवू नका. राखण करायला ठेवलेला मीच हे सांगतोय.