डेअरीच्या फळीवरची नावं

पंडितच्या घराची पुढची खोली एकवीस वर्षं गावच्या दूध सहकारी संस्थेकडं होती. संस्था असं तिला कुणी म्हणत नसे, डेअरीच म्हणत. दिवस उजाडायच्या आत बायका चरव्या घेऊन ओट्यावर यायच्या. कुणाच्या म्हशीनं पान्हा चोरला, कुणाच्या सुनेचं काय बिनसलं, सगळं तिथंच कळायचं. केशरबाईच्या नवऱ्यानं हौसेनं ही खोली संस्थेला दिली होती. तो गेल्यावर मुलगा, पंडित, संस्थेचा सचिव झाला. एकवीस वर्षांत केशरबाईला कधी कोंबड्यानं जागं केलं नाही, कॅनच्या आवाजानंच केलं.

दुष्काळाच्या दुसऱ्या साली ते सगळं थांबलं. निम्मी जनावरं चारा छावणीला गेली, निम्म्यांना लोकांनी बाजार दाखवला. एका सकाळी अख्ख्या गावाचं मिळून किटलीभर दूध जमलं. पंडितनं ते मोजलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी त्यानं काटा, कॅन, फॅट तपासायचं यंत्र टेम्पोत घालून तालुक्याच्या संघाकडं पाठवलं आणि आपल्या दोन गाई घेऊन तोही छावणीला गेला. घरात दोघीच उरल्या. केशरबाई आणि तिची सून शिवकन्या. आणि ती रिकामी खोली. चुन्याच्या भिंती, दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या ठेवायच्या दोन लांब फळ्या, एक बाकडं आणि कशानंही न जाणारा आंबूस वास.

शिवकन्या अंबाजोगाईची. तिचे वडील रामहरी कासारगल्लीत एका दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. बारीक छिन्नी, लहानशी हातोडी आणि कानावर पेन्सिल. शाळा सुटली की शिवकन्या त्यांच्याजवळ जाऊन बसायची. टिकटिक आवाजात ठिपक्याला ठिपका लागत जायचा आणि बघता बघता कुणाचं तरी नाव उमटायचं. लग्नाच्या आदल्या वर्षी वडील वारले. त्यांच्या हातचं म्हणून तिच्याजवळ काहीच नव्हतं. लोकांच्या घरात त्यांची हजारो अक्षरं असतील, पण स्वतःच्या घरात स्टीलची भांडी होती.

त्या उन्हाळ्यात ती ब्लाऊजचं अस्तर आणि दोरा आणायला केजला गेली होती. शिवणकाम करायची ती. बाजारात मोडीच्या दुकानासमोर पितळेचा ढीग पडलेला दिसला. हंडे, कळश्या, पराती. पाण्यासाठी, कडब्यासाठी लोकांनी घरातलं जुनं मोडायला काढलं होतं. चालता चालता तिचं लक्ष एका तांब्याकडं गेलं आणि पाय थबकले. तांब्याच्या गळ्याखाली नाव होतं. त्यातल्या ‘क’ची शेपटी खाली येऊन जराशी वर वळली होती, अंकुर फुटावा तशी. असा ‘क’ साऱ्या गल्लीत एकच माणूस काढायचा.

ती उन्हातच खाली बसली. तांब्या हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

“घ्यायचाय का ताई?” दुकानदार म्हणाला. “नाव घासून देतो. साफ नव्यासारखा होईल.”

“नको नको,” ती एकदम म्हणाली. “नावासाठीच तर घ्यायलेय.”

दोऱ्याच्या रिळाऐवजी पिशवीत तांब्या घालून ती घरी आली. डेअरीच्या फळीवर तो मधोमध ठेवला आणि दारात उभी राहून लांबून बघितला. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढं तो एवढा उजळ दिसला की ती पुन्हा बाजाराच्या दिवशी केजला गेली.

मग तो नादच लागला. शिवणाचं काम पोचवायला गेली की ढिगात हात घालायची. वडिलांची अक्षरं क्वचितच सापडायची, पण दुसऱ्यांची नावंही हातातून सोडवेनात. उद्या भट्टीत जाऊन ती कायमची पुसली जाणार होती. ‘भावाकडून बहिणीस’ असं कोरलेली परात आली. नवऱ्याचं नाव घेताना लाजल्यासारखं अर्धंच नाव घातलेली कळशी आली. निजामाच्या अमदानीतलं, उर्दू अक्षरांचं पानदान आलं. निळ्या काठाची चिनीमातीची बशीसुद्धा आली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसती सुंदर होती म्हणून. वरच्या फळीवर मोठी, खालच्या फळीवर लहान. बाकड्यावर तिनं जुन्या लुगड्याची गोधडी अंथरली. दुपारी तीनच्या सुमाराला दारातून ऊन आत यायचं आणि सगळी भिंत सोन्यासारखी लखलखायची.

केशरबाईला हे अजिबात पसंत नव्हतं.

“कावून आनायलीस हे?” ती एकदा दारात उभी राहून म्हणाली. पाय आत टाकला नाही. “बाईनं काळजावर दगड ठिवून मोडलेली वस्तू हाय ती. तिचा तळतळाट असतोय त्यात. तेनं घर सजवायचं व्हय?”

“आत्याबाई, मी न्हाई आणलं तर भट्टीतच जाईल ना.”

“जाऊ दे की! आन् घासायला पानी कुठलं घेतीस? आठ दिसाला टँकर येतोय.”

“पाणी न्हाई घेत. चिंच लावते आणि कोरड्या राखेनं पुसते.”

त्या दिवसापासून केशरबाईनं चुलीची राख उकिरड्यावर टाकायला सुरुवात केली. शिवकन्या मग शेजारच्या विमलबाईकडून राख आणू लागली. सासू-सुनेचं बोलणं भाकरी-कालवणापुरतं उरलं. शिवकन्याच्या मनाला मात्र ते तळतळाटाचं बोलणं टोचत राहिलं. परात पुसताना तिला वाटायचं, ही बहीण आता कुठं असेल? भावानं दिलेली वस्तू मोडताना तिनं दुकानदाराला तोंड दाखवलं असेल का?

एका दुपारी ओट्यावर एक बाई येऊन टेकली. उंच, हाडाची, डोक्यावर गाठोडं. धनगराची कडूबाई. तिच्या घरच्यांनी उन्हाळाभर मेंढरं गेवराईकडं गोदाकाठी नेली होती. आता तिकडंही चरायला राहिलं नव्हतं म्हणून ती सगळी माघारी फिरली होती.

“पानी मिळंल का लेकी?” तिनं विचारलं.

शिवकन्यानं पेला भरून दिला. कडूबाईनं तो तोंडाला लावला आणि तिची नजर उघड्या दारातून आत गेली. पेला तसाच राहिला.

“ती घागर कुठून आनली?”

“कोणती?”

“वरली. कडंची.”

“केजच्या मोडीतून. कावून?”

“मागल्या अंगाला पोचा हाय का बग बरं. माजा ल्योक सिदू बारका असताना गाढवावरनं पडलती.”

शिवकन्यानं बाकड्यावर चढून घागर खाली काढली, फिरवली. पोचा होता. सासूचं म्हणणं आता समोर येऊन उभं राहिलं होतं. घागरीवरचं नाव वाचून ती चाचरत म्हणाली, “कडूबाई धुळाजी… तुमीच का?”

“मीच. मला वाचाय येत न्हाई. पर राघू वळखू येतो की.”

नावाखाली खरोखरच एक इवलासा पोपट होता. सात-आठ ठिपक्यांचा. शिवकन्यानं तो कितीदा तरी पुसला होता. अक्षरं वडिलांची, हे तिला कळलं होतं. पण वडिलांनी कधी पोपट काढल्याचं तिला आठवत नव्हतं. वाटलं होतं, कुणीतरी मागून काढला असेल.

कडूबाई आत आली. घागर मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली आणि आपल्याशीच बोलावं तसं बोलू लागली.

“लगनात बापानं घेतलती, अंबाजोगाईला. पायरीवर एक लुकडा मानूस बसलेला. कानावर पेन्सल. मला म्हनला, नाव काय गं पोरी? मी म्हनलं, कडू. माज्या आदी दोन लेकरं गेलती म्हनून ठिवलेलं नाव. समदं जग हसायचं. तो न्हाई हसला. म्हनला, नाव कडू हाय तर संगं राघू देतो, त्यो गोड बोलंल तुज्याशी. आन् राघूचं काईच घेतलं न्हाई बग.” ती थांबली. “तीस वरसं मी ही घागर इहिरीवर नेली. लई दमले की राघूकडं बगायचे.”

पेला, घागर, ती बाई, सगळं शिवकन्याच्या डोळ्यांपुढं पाण्यात विरघळलं. मग कसंबसं म्हणाली, “माझे वडील होते ते.”

कडूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग खरबरीत हातानं तिची हनुवटी उचलून पुन्हा बघितलं.

“व्हय,” ती म्हणाली. “कपाळ तेच हाय.”

आतल्या दाराशी केशरबाई उभी होती. किती वेळची ते कुणालाच माहीत नव्हतं. ती मागं वळून चुलीकडं गेली आणि थोड्या वेळानं तीन कप चहा घेऊन आली. कोरा चहा. एकवीस वर्षं दूध वाहिलेल्या त्या खोलीत घोटभर दूध नव्हतं. ती पहिल्यांदाच त्या भिंतीसमोर बसली.

“घिऊन जा बया तुजी घागर,” ती कडूबाईला म्हणाली. “आमाला पाप नको.”

“हो, घेऊन जा,” शिवकन्याही म्हणाली. आणि खरंच तिच्या मनात तेच होतं, जरी हात घागरीवरून उठत नव्हता.

कडूबाईनं मान हलवली. “नगं. ह्यी नेली तर पुना मोडावी लागंल. मेंढरं उपाशी हैत. हितंच ऱ्हाऊ दे. मी येत जाईन बगायला.” मग केशरबाईकडं वळून म्हणाली, “पाप कसलं त्यात? म्या समजून चाललते की माजं नाव इरघळलं. हितं तर लेकीनं उजळून ठिवलंय.”

ती गेल्यावर केशरबाई उठून फळ्यांजवळ गेली. मग एकेका भांड्याकडं बोट दाखवून विचारू लागली, “ह्याच्यावर काय लिवलंय? आन् ह्याच्यावर?” शिवकन्या वाचून दाखवत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीची राख एका डब्यात भरून डेअरीच्या दाराशी ठेवलेली होती.

बातमी मेंढरांच्या आधी पसरली. चार वाड्यांवरच्या बायका डेअरी बघायला यायला लागल्या. कुणी नुसत्या ‘केवढं छान दिसतंय’ म्हणून जात. दोघींना आपली भांडी सापडली. एक रडली. दुसरी हसत सुटली, कारण ती कळशी नवऱ्यानं चोरून मोडली होती आणि घरात ती हरवल्याचं सांगितलं होतं. विमलबाई एक दिवस आपली समई पदराखाली घेऊन आली.

“तुमच्यापाशी ठिवा,” ती केशरबाईला म्हणाली. “घरात असली की मोडायचं मनात येतंय. डोळ्याआड ऱ्हाऊ दे.”

तशा मग आणखी सात-आठ जणी आल्या. फळ्या पुरेनात. केशरबाईनं घरातले आपले लाकडी पाट आणून त्यांची तिसरी फळी करवली. कोणती वस्तू कुठं शोभेल यावर ती आता सुनेशी भांडू लागली. “समई मधी ठिव, अशी कोपऱ्यात कावून दडवायलीस?” ओट्यावर पुन्हा दुपारी बायका जमू लागल्या. दूध नव्हतं, पण गलका होता. महिन्यानं पंडित छावणीवरून कपडे न्यायला आला आणि दारातच उभा राहिला.

“माय, ही डेअरी हाय का कासाराचं दुकान?”

“गप बस,” केशरबाई म्हणाली. “पाय पुसून आत ये.”

पुढच्या साली पाऊस मनासारखा झाला. छावण्या उठल्या. वैरण झाली तशी जनावरं दारात दिसू लागली आणि दिवाळीच्या सुमाराला पंडितनं तालुक्याहून काटा परत आणला. पहिल्या दिवशी दोन कॅनही भरले नाहीत, पण बायका रांगेत उभ्या राहिल्या. काटा खाली, भांडी वर. चरवी रिकामी होईपर्यंत प्रत्येक बाई वर बघायची.

हळूहळू भांडी जाऊ लागली. विमलबाईनं दिवाळीलाच समई नेली. मग बारसं निघालं म्हणून कुणी परात नेली, कुणी कळशी. शिवकन्या प्रत्येक भांडं पुसून, कुंकू लावून देत होती. देताना हसायचीही. पण संध्याकाळी फळीवर पडलेल्या मोकळ्या जागेकडं बघताना तिचा चेहरा उतरायचा. केशरबाईला ते दिसायचं. ती उरलेली भांडी जरा सरकवून जागा बुजवायची.

माघात कडूबाई आली. लेकीचं, साखराबाईचं लग्न ठरलं होतं.

“आता न्यायला आले,” ती म्हणाली. “लेकीला देनार हाय. राघू तिच्या संगं जाईल.”

शिवकन्यानं घागर उतरवली. या वेळी तिला रडू आलं नाही. पोपटावरून एकदा बोट फिरवून तिनं ती कडूबाईच्या हातात दिली. कडूबाईनं गाठोडं सोडून एक घोंगडं काढलं. काळंभोर, काठाला पांढरा पट्टा, नव्या लोकरीचा उग्र वास येणारं.

“ह्ये तुला. माज्याच मेंढरांचं हाय.”

“एवढं नवं कशाला?” शिवकन्या म्हणाली. “मला तर जुनंच आवडतंय.”

“मग वापर की. हुतंय जुनं.”

तो तांब्या, ते पानदान आणि निळी बशी यांना विचारायला कुणीच आलं नाही. ती फळीवर राहिली. घोंगडं भिंतीला लावायचं की बाकड्यावर अंथरायचं यावरून त्या दिवशी सासू-सुनेचा बराच वाद झाला. केशरबाई म्हणत होती भिंतीला, म्हणजे दुधाचे डाग पडायचे नाहीत. शिवकन्या म्हणत होती बाकड्यावर, म्हणजे बायकांना बसायला होईल. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली, ओट्यावर चरव्या वाजू लागल्या, तेव्हा केशरबाईनंच ते बाकड्यावर पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या आणि दाराकडं तोंड करून म्हणाली, “या गं, बसा.”