मातीशिवायचे वाल

निडी गावच्या गुणाजीची लेक मालू बंगळुरूला एका प्रयोगासाठी तिघा सोबत्यांबरोबर वर्षभर बंद घरात राहिली. अंतराळात माणसाला घर करून राहता येईल का, हे तिथे तपासत होते. आतलीच हवा आणि पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरायचं, खायचंही आतच पिकवायचं. मालूने मातीशिवाय वाल लावले होते.

दार उघडलं तेव्हा गुणाजी समोरच उभा होता. मालू वाळली होती, पण ओंजळीत हिरव्या शेंगा होत्या. त्याने एक दाणा चावून पाहिला.

"आपल्या शेतातली चव नाय गो."

"नाय, बाबा. पण वर्षभर चौघांनी हेच पिकवून खाल्लं."

गुणाजीचा ऊर भरून आला. शेजारच्या अनोळखी माणसाला त्याने आपणहून सांगितलं, "ही माझी पोर हाय."