वर जाताना घालायचा कोट

मी गोदामाच्या दारामागे लटकणारा काळा कोट बोलतोय. बोलतोय कसला, धापा टाकतोय. लोकरीचं कापड, आत जाड अस्तर, खांद्यांत गाद्या. आणि आजवर किती जणांचा घाम प्यायलोय त्याला सुमार नाही.

मला शिवून घेतलं जुन्या हेडक्लार्कनं, स्वतःच्या निरोप समारंभासाठी. घरी कपाटात जागा नाही म्हणून जाताना ते मला इथेच ठेवून गेले. तेव्हापासून गोदामात रिवाजच पडला. वरच्या मजल्यावर साहेबांकडे जायचं तर मला चढवूनच. रजा मागायची असो की चूक कबूल करायची, अंगात मी हवाच. हेडक्लार्क चांगले आडव्या अंगाचे होते, त्यामुळे बारीक माणूस माझ्यात पार हरवून जातो. तरी मला सुट्टी म्हणून नाही.

मग नवे साहेब आले. तरुण, टी-शर्टात बसणारे. रिवाज मात्र तसाच राहिला.

गेल्या आठवड्यात भर उकाड्यात पॅकिंगवाल्या काकांना भावाचा फोन आला. गावाकडे आई अत्यवस्थ होती, सारखं काकांचं नाव घेत होती. काका तसेच वर निघाले, तर सगळ्यांनी त्यांना अडवलं. असं कसं जाता म्हणाले आणि मला त्यांच्या अंगावर चढवलं. कुणीतरी टायही बांधला. जिना चढेपर्यंत काका घामानं निथळत होते. माझाही जीव नकोसा झाला होता.

साहेबांनी मान वर केली आणि मनापासून हसले. "अरे वा, काका! कुणाचं लग्न? जा, जा, उशीर होईल. काय असेल ते उद्या बोलू."

काकांचं काळीज किती धडधडतंय ते फक्त मला कळत होतं. "बरं साहेब," म्हणून ते खाली आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मळक्या शर्टावरच वर गेले आणि म्हणाले, "साहेब, आई चाललीय माझी. जाऊ द्या मला." साहेबांनी स्वतः गाडी काढून त्यांना स्टँडवर सोडलं.

परत आल्यावर काकांनी एवढंच सांगितलं, की आई भेटली, पण तिची वाचा आदल्या रात्रीच गेली होती.

मी थकलोय हो. आज पुन्हा एकानं मला खुंटीवरून काढलंय. बायको आजारी आहे, वर जाऊन सांगायचंय त्याला. बाबा रे, मला राहू दे इथेच. आहेस तसा जा, आणि आत्ताच सांग.