करकरणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. बसा. माझ्यावर एकेकाने बसा, सगळे मिळून चढू नका. आणि बसताना 'कर्र' असा आवाज आला तर दचकू नका. मी मोडत नाहीये. तो माझा स्वभाव आहे.

शाळा मी आतून पाहिलेली नाही. टेम्पोतून जाताना एकदा बाहेरून दिसली होती, तेवढीच. त्यामुळे बोलणं जरा ओबडधोबड वाटेल. चालवून घ्या.

मला ज्या सुताराने घडवलं, तो हाताचा चांगला पण विसराळू माणूस. पाठ झकास केली, बसायची फळी गुळगुळीत रंधली, आणि शेवटच्या पायाची पाचर ठोकत होता तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली. उठला तो उठलाच. परत आल्यावर त्याला वाटलं, पाचर ठोकून झालीये. माझा मागचा डावा पाय तेव्हापासून ढिला. जो पुढे सरकेल त्याच्यासाठी मी करकरणार, हे त्या जेवणाच्या हाकेनेच ठरवून टाकलं.

आधी मला शिड्यांच्या कारखान्यात मालकाच्या खोलीत ठेवलं होतं. काय रुबाब होता! रोज ओलं फडकं, आठवड्याला पॉलिश. येणारा-जाणारा म्हणायचा, "खुर्ची मात्र राजेशाही!" मी फुगायची. पण मालक होते अंगाने भरलेले. पाहुण्यांसमोर जरा पुढे झुकले की मी 'कर्र!' करायची. पाहुणे तोंड लपवून हसायचे. शेवटी मालक वैतागले. "ही बया चारचौघांत माझी इज्जत काढते. काढा इथून!" अशी माझी रवानगी झाली खालच्या मजल्यावर, ऑडिटच्या खोलीत. पॉलिश संपलं. पाठीवर कुणी ओले हातमोजे वाळत घालायचं, कुणी डबा ठेवायचं. एकदा तर माझ्यावर चढून बल्ब बदलला. शिड्यांच्या कारखान्यात! सांगा, काय म्हणायचं याला?

त्या खोलीचं काम काय, ते सांगते. शिडीवर माणूस चढतो, म्हणजे जीव चढतो. म्हणून शिडी नीट बनते की नाही ते बघणारी माणसं असतात. त्यांना ऑडिटर म्हणतात. यंत्राचं ठीक आहे, त्याला माप लावता येतं. पण यंत्रामागच्या माणसाला माप कुठून लावणार? त्याच्याशी बोलावं लागतं. तो माझ्यावर बसायचा, ऑडिटर टेबलापलीकडे. आणि कोपऱ्यात, चहाचा कप मांडीवर धरून, डोळे मिटून बसायच्या मोठ्या बाई. नवे ऑडिटर त्यांच्या हाताखाली तयार व्हायचे. बघणाऱ्याला वाटावं बाई झोपल्यात. झोपल्या असत्या तर बरं, असं नव्यांना वाटायचं.

त्यांच्याकडे एक मुलगी आली. हुशार, धडपडी, आणि तोंडाने अशी, की आठवड्याभरात सगळा कारखाना तिला 'तोफ' म्हणायला लागला. तिने सरावाला पहिल्यांदा कुणाला बसवलं, तर रिव्हेटवाल्या काकांना. शिडीच्या पायऱ्या ज्या खिळ्यांनी पक्क्या होतात, ते रिव्हेट. काका ते प्रेस नावाच्या यंत्रावर दाबायचे; दाब बरोबर पडला की प्रेसचा काटा हिरव्या पट्ट्यात यायचा. सरळ, अबोल माणूस. माझ्यावर बसला तोही टोपी हातात घेऊन.

तोफ सुरू झाली. "काका, तुम्ही प्रत्येक शिडी तपासता ना?"

"हो."

"प्रेसचा काटा हिरव्यात आहे का ते बघून, बरोबर?"

"हो."

"आणि काही गडबड वाटली तर शिडी बाजूला काढता."

"काढतो." काका पुढे सरकले. मी करकरले. "पण मॅडम, ते काट्याचं—"

"हो, काट्याचं झालं आपलं. आता पुढचा प्रश्न."

काका मागे सरकले. पुढे नुसतं हो, हो, हो. ते गेल्यावर मोठ्या बाईंनी एक डोळा उघडला.

"छान झाली मुलाखत."

तोफ खुलली. "खरंच, बाई?"

"हो. तुझी. त्या बिचाऱ्याची राहिली."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. कारण बाईंकडे येण्याआधीच ऑडिटरच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला दोनदा नापास केलं होतं, आणि दोन्ही वेळा एकच शेरा: ही स्वतःच विचारते, स्वतःच उत्तर देते. आता शेवटची संधी. यातही उडाली तर ऑडिटरच्या यादीतून नाव कटणार आणि वरच्या मजल्यावर पत्रं टाइप करत बसावं लागणार.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "त्या खुर्चीत बस."

तोफ माझ्यावर बसली. बाई टेबलापलीकडे गेल्या. "हे काम का धरलंस गं?"

"आवड आहे म्हणून," तोफ लगेच म्हणाली.

बाई नुसता कप फिरवत राहिल्या. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. तोफेने खिडकीकडे पाहिलं, नखं पाहिली. मग हळूच पुढे सरकली. मी करकरले. बाई तरीही गप्प.

"माझे बाबा घरं रंगवायचे," ती म्हणाली. "शिडीवरून पडले. पायरी निसटली. अजून लंगडतात. ती शिडी कुणीतरी तपासूनच सोडली असणार ना, बाई? म्हणून मला वाटतं, एकही प्रश्न राहून जाता कामा नये. म्हणून मी भराभर..."

बाईंनी आपल्या हाताने तिला चहा ओतून दिला. मग म्हणाल्या, "आत्ता हे सांगण्याआधी मी तुला काय विचारलं?"

"काही नाही."

"मग का सांगितलंस?"

बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. किती वर्षांनी कुणी प्रेमाने हात लावला असेल! "ही म्हातारी आहे ना, हिला सगळं कळतं. माणूस मनातलं सांगायला निघाला की आधी पुढे सरकतो. तो सरकला की ही तोंड उघडते. हिने उघडलं की तू मिटायचं. एवढंच शीक, बाकीचं तुला येतं."

मित्रांनो, मालकाने मला ज्यासाठी हाकललं, त्याचंच कौतुक झालं हो! रात्रभर मला ताठ उभं राहावंसं वाटत होतं. तशी मी उभीच असते म्हणा.

तोफ शिकायला लागली. कुणीही बसलं की कान माझ्याकडे. मी करकरले की ओठ घट्ट. कधी कधी तर हाताने तोंड दाबायची, हसू यायचं बघून. पण माणसं बोलायला लागली. आम्हा दोघींची जोडी जमली.

आणि मग परीक्षक यायच्या आदल्या दिवशी घोळ झाला. साफसफाई चालली होती. दुरुस्तीवाले मामा खोलीत आले, मला हलवून बघितलं आणि म्हणाले, "पाहुण्यांसमोर ही कटकट नको." उलटी केली, मागच्या पायात सरस ओतला, दोन स्क्रू आवळले आणि शीळ घालत निघून गेले. माणूस वाईट नव्हता. चांगलं करायलाच आला होता. पण मी मुकी झाले.

सकाळी परीक्षक आले, कोपऱ्यात बाईंशेजारी बसले आणि म्हणाले, "रिव्हेटच्या विभागातून कुणाला तरी बोलवा." आले ते आपले काकाच. टोपी हातात घेऊन.

"काका," तोफ म्हणाली, "पायरी पक्की बसली हे तुम्हाला कसं कळतं?"

बघा, प्रश्न किती सुधारला होता. पण काका म्हणाले, "काट्यावर. काटा हिरव्यात आला की झालं." आणि थांबले.

तोफेने माझ्याकडे कान लावला.

काका पुढे सरकले. मला कळत होतं ना! पार काठावर आले होते ते. मी जीव खाऊन करकरायला बघितलं. पण सरस तो सरस. आवाज म्हणून नाही. माझा जीव नुसता टांगणीला. तोफेला वाटलं, नाही सरकले. तिने पुढच्या प्रश्नासाठी तोंड उघडलं, श्वाससुद्धा घेतला. कोपऱ्यात बाईंचा कप बशीवर टेकता टेकता थांबला.

आणि तोफेची नजर काकांच्या हातांवर गेली. हात टोपी पिळत होते, ओलं फडकं पिळावं तशी.

तिने तोंड मिटलं.

काकांनी टोपी सरळ केली, पुन्हा पिळली. तोफ तशीच बसली होती, बाईंसारखी, चेहऱ्यावर घाई नाही.

"मॅडम," काका म्हणाले, "त्या दिवशी पण हेच सांगणार होतो. मला तो काटा नीट दिसत नाही. हल्ली सगळं धूसर दिसतं. अंदाजाने दाबतो. चष्मा लागला की प्रेसवरून काढतात म्हणे, म्हणून बोललो नाही. पण रात्री डोळा लागत नाही हो. कुणाचा तरी पोरगा चढत असेल त्या शिडीवर."

बाबांचा पाय तिच्या डोळ्यांसमोर आला असणार. रागावली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "बरं केलंत, सांगितलंत. आता सांगा, अंदाजाने दाबलेल्या शिड्या कुठे आहेत?"

"गोदामात. डोळे धूसर झाल्यापासूनच्या सगळ्या तिथेच आहेत, अजून गाडीत भरल्या नाहीत."

प्रेस तिथल्या तिथे थांबली. शिड्या परत तपासल्या, आणि त्यातल्या काहींच्या पायऱ्या खरोखर हलत होत्या. कारखान्याने काकांना चष्मा करून दिला आणि प्रेसला काट्याची ताटाएवढी तबकडी बसवली. काका प्रेसवरच राहिले.

परीक्षक जाताना बाईंना म्हणाले, "तुमच्या शिष्येने आज सगळ्यात चांगलं काय केलं सांगू? काही केलं नाही." आणि सही करून पास केलं. तोफ मात्र मामांना शोधत गेली. "मामा, माझ्या खुर्चीचं काय केलंत तुम्ही?"

"तिची कटकट बंद केली. काय झालं?"

"काही नाही. माझीही झाली."

त्यालाही बरीच वर्षं झाली. बाईंचा कामाचा शेवटचा दिवस आला. हार झाले, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर बाई खोलीत आल्या आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसल्या. तोफ टेबलापलीकडे होती.

"कसं वाटतंय, बाई?"

"मस्त! आता दुपारी झोप काढणार."

तोफ काहीच बोलली नाही. बाईंनी कप फिरवला. पुढे सरकल्या. एवढ्या वर्षांत सरस वाळून गेला होता, एक स्क्रूही सैल झाला होता. मी हळूच म्हटलं, 'कर्र.'

बाई हसल्या. "चोंबडी कुठली!" म्हणाल्या मला. आणि मग बोलल्या, दिवेलागण होईपर्यंत. काय बोलल्या ते विचारू नका. खुर्चीवरची गोष्ट खुर्चीपाशीच राहते.

तर मित्रांनो, आता माझा रंग उडालाय. अधूनमधून फडकं फिरवा, ओले हातमोजे दुसरीकडे वाळत घाला, आणि बल्ब बदलायचा असेल तर शिडी आणा. माझं मागणं एवढंच. आणि घरी कधी आजी, बाबा किंवा धाकटी बहीण बोलता बोलता जरा पुढे सरकली, तर तुमची खुर्ची करकरेलच असं नाही. हातांकडे बघा. आणि तेवढा वेळ गप्प बसा.