मागेपुढे शिवलेली राणी

कय्युमभाईंच्या हातून पस्तीस वर्षांत चुकून एक जुज मागेपुढे झाला नव्हता. जुज म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्या क्रमाने शिवल्या की पुस्तक होतं. वकिलांची जाडजूड बुकं, शाळांचे हजेरीपट, देवळातल्या पोथ्या, मशिदीतले कुराणाचे सिपारे, निम्मं नंदुरबार त्यांच्या दाभणाखालून गेलेलं.

एकदाच त्यांनी क्रम मोडला होता, आणि तोही मुद्दाम. बायको हलीमा तापाने गेली तेव्हा तबस्सुम सहा वर्षांची होती. चाळिसावा दिवस झाल्यावर पोरीने हट्ट धरला, अम्मीच्या पेटीतली जुनी दास्तान वाचून दाखवा. त्या दास्तानीतली राणी मधेच तापाने मरते. ते पान कय्युमभाईंना पोरीला वाचून दाखवायचं नव्हतं. त्यांनी शिवण उसवली, राणी बागेत हसत फिरते तो जुज आधीच्या जागेवरून काढला आणि तिच्या मरणानंतर नेऊन शिवला. वाचताना पोरीने विचारलं, ही तर मेली होती ना? ते म्हणाले, आली परत. त्या दिवशी पोरगी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तीच तबस्सुम पुढे पुण्याला जाऊन व्हिडिओ गेम बनवायला शिकली, आणि त्याच दास्तानीवर तिने गेम केला. त्यात बंदूक नाही, गुण नाहीत, जिंकणं नाही. पडद्यावर सुटे जुज पडलेले असतात आणि खेळणाऱ्याच्या हाती सुई असते. तो ज्या क्रमाने शिवेल तशी गोष्ट घडते. मेलेली राणी पुढच्याच पानावर बागेत हसते आणि दरबारात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. असल्या खेळाला परदेशात बक्षीस मिळालं. गल्लीतल्या पोरांनी मात्र पाच मिनिटांत मोबाइल खाली ठेवला.

लोणखेड्याच्या कॉलेजात तिचा सत्कार ठरला. कय्युमभाई इस्त्रीचा सदरा घालून एसटीने निघाले. त्यांना शाल नको होती, नारळ नको होता. तिने चारचौघांत एवढंच म्हणावं, की राणीला माझ्या अब्बांनी परत आणलं. एवढी शिकलेली पोर, तिला कळलं असणारच, असं ते वाटेतल्या प्रकाशा गावचा पूल येईपर्यंत स्वतःला समजावत होते. बोलून दाखवायची हिंमत त्यांना वीस वर्षांत झाली नव्हती.

सभागृहात पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी ग्रंथपाल मोहिनीबाई बसल्या. कॉलेजची पुस्तकं बांधायला त्या कय्युमभाईंकडेच पाठवत. प्राध्यापकांनी तबस्सुमला विचारलं, काळाची अशी मोडतोड करायचं धाडस कुठून आलं?

तबस्सुम हसली. पुण्याच्या ग्रंथालयात तिला त्याच दास्तानीची दुसरी प्रत मिळाली होती, आणि त्यात राणी मेली ती मेलीच. "तेव्हा कळलं," ती म्हणाली, "आमच्या घरच्या प्रतीत गावातल्या एका बाइंडरने घडीच मागेपुढे शिवली होती. त्याला पत्ताही नसेल. त्याच्या चुकीतून हा गेम आला."

सभागृह खो खो हसलं. टाळ्याही पडल्या. मोहिनीबाईंनी वळून कय्युमभाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. नाव न घेतल्याने काय झाकलं जाणार होतं? तिच्या घरचं पुस्तक दुसरं कोण बांधणार? कय्युमभाईंनीही टाळ्या वाजवल्या. हात थांबवले असते तर लोकांनी पाहिलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर बापलेक कँटीनच्या पायरीवर चहा घेऊन बसले. तबस्सुम आनंदात होती.

"मैंने आपका नाम नई लिया, अब्बा," ती म्हणाली.

कय्युमभाईंनी कप खाली ठेवला. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं. "ग़लती नई थी बेटा," ते म्हणाले. "मैंने जानबूझ के सिया था."

तबस्सुमने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आजारी माणसाला समजवावं तसं ती सांगू लागली, की कुणी त्यांना नावं ठेवत नाहीये, इतक्या वर्षांच्या कामात एखादी घडी इकडची तिकडे होणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कय्युमभाईंच्या लक्षात आलं. आपली पोर आपल्याला खोटं बोलताना पकडते आहे, आणि वरून माफही करते आहे.

"तेरी अम्मी गई थी तब," ते कसेबसे म्हणाले. "तू खाना नई खाती थी. इसलिए."

तिने हात काढून घेतला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"एक ग़लती छुपाने को अम्मी को बीच में मत लाओ, अब्बा."

समोर मोहिनीबाई तबस्सुमसोबत फोटो काढायला येऊन उभ्या राहिल्या होत्या. कय्युमभाईंनी सदऱ्याची घडी सारखी केली आणि सरकून त्यांना जागा करून दिली.

"हां," ते म्हणाले. "उस दिन ध्यान नई था मेरा."