डाव्या पायाची सवय

“काका, डावा पाय! डावा पाय उचला!”

दिव्या ओरडेपर्यंत गाडीने गचका खाल्लाच. पूनम सागर सोसायटीच्या गल्लीतला भाजीवाला हसला, “क्या काका, नया घोडा अडता है क्या?”

“घोडा ठीक है भैया,” दिव्या म्हणाली आणि पंढरीनाथकडे वळली. “काका, हिच्यात क्लच नाहीये. त्या पायाला रजा द्या ना आता.”

पंढरीनाथ ओशाळून हसला. दिव्याच्या सासूबाईंना, कीर्तनकार मुक्ताबाईंना, त्याने एकोणीस वर्षं पेट्रोलच्या जुन्या व्हॅनमधून गावोगाव नेलं होतं. कुणी पखवाज वाजवतं, कुणी टाळ धरतं. देवाने आपल्याला ही सेवा दिली, असं तो म्हणायचा. वेग कमी करायचा म्हटलं की डावा पाय आपोआप क्लच दाबायचा. या विजेच्या गाडीत तोच पाय ब्रेकवर पडायचा, सगळं बळ लावून.

व्हॅन भंगारात गेली होती. नवी गाडी कीर्तन मंडळाने मुक्ताबाईंना भेट दिलेली, आणि मंडळाचे बापूराव स्पष्टच बोलले होते, “आठ दिवस घे, पंढरी. नाही जमलं तर दुसरा ड्रायव्हर बघतो. ताईंचा जीव असतो गाडीत.”

आज आठवा दिवस होता. संध्याकाळी राई गावच्या देवळात कीर्तन.

निघताना मुक्ताबाई मागे बसल्या, दिव्या त्याच्या शेजारी. भाईंदरचा पूल उतरेपर्यंत सगळं सुरळीत झालं.

“आज हरिश्चंद्र लावते,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“तारामतीच्या विलापात मागच्या खेपेला एक ओळ गाळलीत, ताई.”

“आलास मोठा माझा गुरू!”

तो खुलून हसला. तेवढ्यात डावीकडून एक रिक्षा आडवी घुसली. डावा पाय ब्रेकवर गेला. मुक्ताबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

“ताई!”

“काही नाही रे. चल. लोक येऊन बसलेत.”

देवळात पोचेपर्यंत कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. त्यावर बुक्का लावून त्या उभ्या राहिल्या. पूर्वरंगात आवाज नेहमीसारखाच, घंटेसारखा लागला. उत्तररंगात मात्र गिरकी घेताना त्यांनी एकदा खांबाला हात टेकला. कडेला बसलेल्या पंढरीनाथच्या टाळ्या तिथेच थांबल्या.

आरती झाल्यावर बापूराव जवळ आले. “ताई, कपाळाला काय लागलं हो?”

“घरी कपाटाचं दार लागलं.”

“आणि गाडी? हा नीट चालवतोय ना?”

“उत्तम चालवतोय.”

तासभर राजा हरिश्चंद्राचं सत्त्व सांगून डोळ्यांतून पाणी काढणारी बाई, मूर्तीसमोर उभी राहून खोटं बोलली. पंढरीनाथच्या पोटापाण्यासाठी. तो उठून पुढे आला.

“कपाट नव्हे, बापूराव,” तो म्हणाला. “मी ब्रेक मारला. आज टेंगळावर निभावलं. उद्याचं मला सांगता येत नाही. पाय ऐकत नाही माझं.”

“पंढरी, गप्प बस!”

“नाही, ताई. यात तुमच्यावर पाप नको.”

त्याने खिशातून किल्ली काढून बापूरावांसमोर धरली. त्यांनी ती घेतली, क्षणभर मुठीत ठेवली आणि दिव्याकडे दिली.

निघताना पंढरीनाथ ड्रायव्हरच्या दाराशी गेला आणि थबकला. दिव्या आधीच आत बसली होती. मुक्ताबाईंनी आतून मागचं दार ढकललं.

“ये. इथे बस.”

गाडीत मागे बसून काय करायचं असतं, त्याला ठाऊक नव्हतं. हात कुठे ठेवावेत कळेना; मग त्याने ते मांडीवर ठेवले. गाडी निघाल्याचंही त्याला कळलं नाही. काचेपलीकडे मुक्ताबाईंना हात जोडून उभी असलेली माणसं एकेक करून मागे जायला लागली, तेव्हा कळलं.