हेस्टरच्या मागची रांग

लढाईत विमानं कशी वापरावीत हे सांगायला सरकारनं गोगलगायींवर प्रबंध लिहिलेली बाई पाठवली, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळंच तसं चाललं होतं. लढाईतलं ओ की ठो न कळणारी, पण मोजमापाची खोड असलेली माणसं देशभरातून गोळा केली जात होती. पावाच्या खमिरावर हयात घालवलेला एक जण बाँबच्या मागे लागला होता, कबुतरांच्या कानांचा जाणकार तोफांपाशी बसला होता. या उद्योगाला धड नावही नव्हतं. कुणी ‘ऑपरेशनल रिसर्च’ म्हणे, सैनिक ‘नसती उठाठेव’ म्हणत.

हेस्टर क्वेफ वेल्सच्या किनाऱ्यावरच्या विमानतळावर आली ती एक छत्री आणि एक घड्याळ घेऊन. कॅनडाहून धान्य आणणाऱ्या जहाजांवर इथली विमानं पहारा ठेवत. विमान डोक्यावर घिरट्या घालू लागलं की शत्रूच्या पाणबुड्या मुकाट खाली जात. पण निम्मी विमानं जमिनीवरच बसून. का, ते हेस्टरनं शोधायचं होतं.

आणि समुद्रात निघालेल्या ताफ्यातल्या एका जहाजावर तिचा धाकटा भाऊ सिरिल आचारी होता. लहानपणी रोज सकाळी न्हाणीघराच्या दाराशी तिच्या मागे उभा राहून तो कटकट करायचा, “हल की गं गोगलगाई, मागं माणसं आहेत.” पुढे तिनं गोगलगायीच अभ्यासाला घेतल्या, त्या बहुधा त्याच्यावरच्या रागानंच. आता तो राग कुठल्या कुठे गेला होता. उरली होती ती नुसती काळजी.

तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन हॅदर्ली चहात बिस्किट बुडवत म्हणाले, “शनिवारपर्यंत विमानं उडवून दाखवा, बाई. नाहीतर तुम्ही तुमच्या गोगलगायींकडे जायला मोकळ्या.”

कारण सापडायला वेळ लागला नाही. विमानाला साधा प्लग हवा असला, तरी मेकॅनिकनं भांडाराच्या खिडकीशी रांग लावायची. खिडकीत सार्जंट ब्लेन्किन. भांडारातली वस्तू देताना हा माणूस पोटच्या पोरीची पाठवणी करत असल्यासारखा हळवा व्हायचा. आधी जुना प्लग मागायचा, मग दोन अधिकाऱ्यांच्या सह्या. आणि ते दोघे कायम चहाला गेलेले.

“साहेब, ब्लेन्किनला तिथून हलवा,” हेस्टर म्हणाली.

“ब्लेन्किनला? अहो, त्याच्या हातून आजवर एक स्क्रू हरवलेला नाही.”

“त्यानं कुणाला दिलाच नसेल, साहेब.”

हॅदर्लींनी दुसरं बिस्किट घेतलं. विषय संपला.

मंगळवारी सकाळी हेस्टर भांडारावर नजर ठेवायला समोरच्या एका बंद गोदामाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हातात घड्याळ, चेहरा गंभीर. थोड्या वेळानं मागे कुणीतरी घसा खाकरला. वळून पाहते तो जेवणघरातली बाई, हातात पिशवी. तिच्या मागे टपालवाला, त्याच्या मागे तळाचा पाद्री. हेस्टर गडबडली. ‘मी रांगेत नाही,’ असं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण तोवर मागे आणखी पाच-सहा जण लागले होते, आणि एवढ्या माणसांना उघडउघड वेडं ठरवायचं तिच्या जिवावर आलं.

कशाची रांग, हे कुणीच विचारेना. पुढच्याला असं विचारणं म्हणजे चारचौघांत हावरटपणा. पण मागे कुजबुज पोचलीच, की कांदे आलेत. कांदा त्या देशानं वर्षभर पाहिला नव्हता. लोकांना कांद्याची स्वप्नं पडत होती. मग सह्या करणारे ते दोन अधिकारी चहा अर्धवट टाकून आले, आणि दुपारच्या सुमाराला खिडकीवर पाटी लटकवून, मान खाली घालून, खुद्द ब्लेन्किन आला.

मेकॅनिक मात्र हलले नाहीत. ते आधीच एका रांगेत होते, आणि लावलेली रांग सोडून दुसरी धरणं हे त्यांच्यात घरफोडीपेक्षा वाईट. खिडकीत कोणी नाही हे पाहून सगळ्यात पुढचा, टज नावाचा मेकॅनिक, बराच वेळ शिष्टाचारानं थांबला. मग आत गेला, प्लग घेतला, टोपी काढून रिकाम्या खुर्चीचे आभार मानले आणि निघाला. त्याच्या मागचाही तसाच. संध्याकाळच्या आत विमानं एकामागून एक घरघरत समुद्राकडे निघाली.

हेस्टरनं वर पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, ही रांग आहे तोवर भांडाराची खिडकी रिकामी.

बुधवारी ती कोणी उठायच्या आत दाराशी हजर. गुरुवारीही. भर पावसात, छत्रीखाली, पाय सुजले तरी तशीच. तिला लाज वाटत होती. जेवणघरातली बाई रोज नवी पिशवी आणत होती, पाद्रीबाबा हळूच ओठ चाटत होते. पण डोक्यावरून विमान गेलं, की ती मनात सिरिलचं नाव घेई आणि दाराकडे आणखी गंभीरपणे बघे.

“गोगलगाय आणि पोटात पाय,” ब्लेन्किन मागच्याला म्हणाला. “या बाईला आतली बातमी आहे, लिहून घ्या.”

शनिवारी हॅदर्ली स्वतः आले. सगळी विमानं हवेत होती, आणि असं का, हे त्यांना अजिबात कळलेलं नव्हतं. त्याची चौकशी करायला म्हणून ते आले आणि रांग पाहून थबकले. पाद्रीबाबांनी त्यांना हुद्द्याचा मान म्हणून आपल्या पुढे, हेस्टरच्या मागे जागा दिली.

“कशाची रांग आहे ते मी विचारत नाही,” ते हळूच म्हणाले. “पण सगळ्यांना पुरेल ना?”

“पुरेल, साहेब,” हेस्टर म्हणाली. लक्ष तिचं बंदराकडे होतं. पहाटे बंदरात जहाजं लागल्याचं कानावर आलं होतं. किती, कुठली, हे कुणी सांगत नव्हतं.

तेवढ्यात रांगेच्या शेपटाकडे काहीतरी कुरबुर झाली. ती तोंडातोंडी पुढे सरकत आली. ब्लेन्किननं पाद्रीबाबांना सांगितलं, पाद्रीबाबांनी हॅदर्लींना, आणि हॅदर्ली अवघडून हेस्टरच्या कानाशी वाकले.

“माफ करा बाई, माझे शब्द नाहीत हे. शेवटी कोणी खलाशी येऊन उभा राहिलाय. तो म्हणतोय, पुढच्याला सांगा, हल की गं गोगलगाई, मागं माणसं आहेत.”

हेस्टरच्या हातातलं घड्याळ खाली पडलं.

“साहेब, एवढी माझी जागा धरा,” ती म्हणाली आणि निघाली.

पाद्री, अधिकारी, ब्लेन्किन, सगळे डोळे फाडून बघत राहिले. पहिला नंबर सोडून चाललेलं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. रांग भिंतीला वळसा घालून गेली होती. ती वळशाशी पोचली तेव्हा अक्षरशः पळत होती. शेवटी टोपी डोळ्यांवर ओढून सिरिल उभा होता, वाळून काडी झालेला, खांद्यावर पिशवी. तळावर बहिणीला शोधायला आलेला, आणि रांग दिसली म्हणून आधी तीत उभा राहिलेला.

तिला त्याच्या गळ्यात पडायचं होतं. पण मध्ये घुसणं तिच्याही रक्तात नव्हतं. ती गुपचूप त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या ओल्या कोटाच्या पाठीला कपाळ टेकून रडली.

सिरिलनं वळून पाहिलं.

“पुढं तू होतीस?” तो म्हणाला. “मग नंबर कशाला सोडलास गं? आता आपल्याला काही कांदे मिळत नाहीत.”